तीन ग्रॅमचा पाहुणा

दर वर्षी २० मार्चला जागतिक चिमणी दिन असतो. २०१० पासूनची ही प्रथा, तिच्यामागे नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरेव्हर सोसायटी. शाळांत मुलं चिमणीची चित्रं काढतात, बाल्कनीत लाकडी घरटी टांगली जातात, आणि चिमण्या गेल्या कुठे म्हणून मोठी माणसं हळहळतात. गावोगावच्या चिमण्यांचं कोडं राहू द्या, पण त्यांचं एक भलंमोठं खटलं कुठे नांदतंय ते पक्कं ठाऊक आहे. ते अमेरिकेत आहे. तिथे ते इतकं माजलंय, की कुणाच्या परसात याच जातीच्या चिमणीने घरटं बांधायला घेतलं तर त्याने ते उपसून टाकावं, अंडी काढून घ्यावीत, हवं तर पक्षीही धरावा. केंद्रीय कायदा त्याला हटकत नाही.

हे करणारी माणसं पाखरांच्या वाइटावर असतात असं मुळीच नाही. बऱ्याचदा तीच पक्ष्यांवर जीव टाकणारी असतात. परसात एक वेगळा पाहुणा यावा म्हणून त्यांची धडपड चाललेली असते. पाहुणा म्हणजे हमिंगबर्ड, वजन तीन ग्रॅम. त्याची वाट बघत अंगण मांडायचं, आणि तिथे चिमण्या, स्टार्लिंग, ग्रॅकल यांच्या झुंडींनी ठाण मांडायचं, असा हा सनातन तंटा. दांडग्यांना हुसकावण्याचे उपाय दुकानांत भरपूर मिळतात. गोम अशी की त्यांतल्या बऱ्याच उपायांनी दांडगे जातच नाहीत आणि मरतो तो तीन ग्रॅमवाला.

आधी दांडग्यांविषयी. चिमणी मुळात अमेरिकेची नव्हेच. १८५१ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये तिच्या काही जोड्या युरोपातून आणल्या गेल्या. झाडांवरच्या सुरवंटांनी लोक वैतागले होते, चिमण्या त्यांचा फडशा पाडतील अशी अटकळ होती. पहिली खेप फारशी जगली नाही, म्हणून पुन्हा आणल्या. चिमणी पिल्लांना अळ्या भरवते हे खरं, पण एरवी तिचा जीव दाण्यात. त्या काळी रस्तोरस्ती घोडागाड्या होत्या. तोबऱ्यातून सांडलेलं आणि लिदीतून पडलेलं धान्य हवं तेवढं मिळत होतं. पन्नास वर्षांत तिने जवळजवळ सगळा खंड व्यापला. स्टार्लिंगची कथा तशीच. युजीन शिफेलिन नावाच्या गृहस्थाने १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात साठेक स्टार्लिंग सोडले आणि पुढच्या वर्षी आणखी चाळीसेक. शेक्सपिअरच्या लेखनात आलेले सगळे पक्षी अमेरिकेत आणायचे असा त्याला छंद होता, ही गोष्ट जिकडेतिकडे छापलेली सापडते. ऐकायला छान आहे, पुराव्याला टिकत नाही. मागाहून कुणीतरी चिकटवलेली आहे. स्टार्लिंग मात्र टिकले, आणि आज ते कोट्यवधींनी आहेत.

या दांडग्यांत आपल्याकडची मंडळीही आहेत. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर घुसखोर सजीवांची एक यादी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने प्रसिद्ध केली आहे. तीत पक्षी फक्त तीन: स्टार्लिंग, आपली साळुंकी आणि आपलाच लालबुड्या बुलबुल. साळुंकी ऑस्ट्रेलियापासून फ्लोरिडापर्यंत पोचली आहे आणि लालबुड्या बुलबुल टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात चांगला रुळला आहे. तिथल्या मराठी घरात सकाळी बुलबुलाची शीळ ऐकून कुणाला माहेर आठवत असेल. शेजारच्या अमेरिकन पक्षीनिरीक्षकाला त्याच शिळेने कपाळावर आठी पडत असेल, तर त्याचंही चुकत नाही.

कायद्याची रेघ याच हिशेबाने ओढलेली आहे. १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या मूळच्या पक्ष्यांना, त्यांच्या अंड्यांना आणि वापरातल्या घरट्यांना संरक्षण दिलं. चिमणी, स्टार्लिंग आणि शहरी पारवा हे बाहेरून आलेले, म्हणून ते संरक्षणाबाहेर. पण परसात त्रास देणारे सगळेच परके नसतात. लांब शेपटीचा, काळाभोर, चकाकणारा ग्रॅकल हा तिथलाच. लाकडी भिंतीला भोकं पाडणारा सुतारही तिथलाच. हमिंगबर्डच्या साखरपाण्यावर डल्ला मारणारा फिंच आणि नारिंगी पोटाचा ओरिओलही तिथलेच. त्यांच्या वाटेला मनाला येईल तसं जाता येत नाही. तेव्हा न मारता, न जखमी करता त्यांना लांब ठेवायचं, हाच कायदेशीर मार्ग उरतो.

आता पाहुण्याविषयी. हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन्ही खंडांत आणि त्यांच्या आसपासच्या बेटांवर सापडतात. जाती साडेतीनशेहून जास्त. आपल्याकडे ‘हमिंगबर्ड दिसला’ म्हणून जे फोटो फिरतात ते बहुतेक शिंजिराचे असतात, नाहीतर संध्याकाळी फुलांपुढे तरंगणाऱ्या एका पतंगाचे. शिंजीर मध पितो, चमकतो, चोचही बाकदार, पण कुळ अगदीच निराळं. गंमत म्हणजे जुन्या जगात हमिंगबर्ड कधीच नव्हते असंही नाही. जर्मनीत मिळालेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांचं वर्णन २००४ साली गेराल्ड मायर यांनी केलं, आणि ते हमिंगबर्डचेच निघाले. पुढे ते तिथून का नाहीसे झाले हा स्वतंत्र विषय.

अमेरिकेच्या पूर्व भागात विणीला येणारा हमिंगबर्ड एकच, माणकासारख्या लाल गळ्याचा रुबी-थ्रोटेड. पंखांची उघडझाप सेकंदाला पन्नासेक वेळा. हिवाळा मध्य अमेरिकेत काढायचा, वसंतात उत्तरेला यायचं, आणि जाता-येता त्यांतले पुष्कळजण मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडतात. आठशे किलोमीटर पाणी, खाली उतरायला जागा नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करून घेतात. मादीचं घरटं अर्ध्या अक्रोडाएवढं, कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणि दगडफुलाचे तुकडे चिकटवून केलेलं, आत वाटाण्याएवढी दोन अंडी. हे सगळं सांगायचं कारण, प्रवासाची ती तयारी सोडली तर एरवी या पक्ष्याजवळ शिल्लक अशी काही नसते. जेवणात काही तासांचा खंड पडला की त्याचा खेळ आटोपतो. रात्री तो शरीराचं तापमान उतरवून जवळपास गोठल्यासारखा बसतो, कारण जागेपणीच्या खर्चात रात्र काढणं त्याला परवडत नाही. अशा जिवाच्या अंगणात आपण गोंद, जाळी आणि तेल घेऊन उतरतो.

गोंदाचा प्रकार वाईटातला वाईट. पॉलिब्युटीनचा पारदर्शक, चिकट लेप नळीतून काढून कठड्यावर, तुळईवर लावतात. पारव्याला पायाखाली चिकचिक आवडत नाही, म्हणून तो दुसरी जागा बघतो, असा त्यामागचा हिशेब. मुंबई-पुण्यातही असले जेल मिळतात. पारव्याचं वजन तीनशे ग्रॅमच्या पुढे, त्याचे फक्त तळवे माखतात. लहान पक्षी तिथे बसला की पोटाची पिसं लेपाला लागतात. तो चोचीने पिसं साफ करायला जातो, तेव्हा लेप चोचीला लागतो, चोचीवरून पंखाला जातो. पंखाच्या पिसांच्या बारीक काड्या एकमेकींत आकड्यांनी गुंतलेल्या असतात, म्हणून पंख हवा धरतो. लेपाने त्या गोळा होतात. चिमणी तशाही अवस्थेत फरफटत कुठेतरी आडोशाला जाईल. हमिंगबर्डला नीट चालताही येत नाही, त्याचे पाय फांदी धरण्यापुरते. उडता आलं नाही म्हणजे खाणं बंद. काही महिन्यांत त्याच लेपावर धूळ बसून त्याचा चिकटपणा जातो आणि पारवे परत तिथेच बसू लागतात, ही त्यातली आणखी एक थट्टा. साखरपाण्याच्या तारेला मुंग्या लागू नयेत म्हणून लोक व्हॅसलीन किंवा खाण्याचं तेल फासतात, त्यातही हाच धोका. मुंग्यांसाठी तारेवर अडकवायची पाण्याची छोटी वाटी मिळते, मुंगी पोहून जात नाही. आपल्या आज्या पिंपाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवत त्याच या.

जाळीचं जरा नाजूक आहे, कारण ती उपयोगीही आहे. चेरी, अंजीर, द्राक्षं पिकली की त्यांवर जाळी टाकण्यावाचून इलाज नसतो. घात होतो तो सैल आणि मोठ्या भोकांच्या नायलॉन जाळीने. वाऱ्यावर हलणारी जाळी पक्ष्याला दिसत नाही, चोच भोकात शिरते, मान अडकते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं भोक ताणलेल्या स्थितीत पाच मिलिमीटरहून मोठं नको असा नियम केला. मोजपट्टी नको, बोट घालून बघा. बोट आत गेलं तर जाळी चुकीची. नियम तिथला असला तरी कसोटी कुठेही चालते. जाळी झाडावर ओघळू न देता चौकटीवर ताणून लावायची आणि खालून बांधून टाकायची. झाड लहान असेल तर घडांनाच पातळ कापडी पिशव्या बांधणं सगळ्यांत सोपं.

घाबरवण्याच्या वस्तूंचा धंदा सर्वांत मोठा, आणि त्यात माणसालाच फसवलं जातं असं माझं स्पष्ट मत आहे. प्लास्टिकचं घुबड घ्या. पहिले दोन-चार दिवस पक्षी बिचकतात. घुबड हलत नाही, झेप घेत नाही, हे ध्यानात आलं की त्याच्या डोक्यावर बसून शिटतात. ज्वारीची राखण केलेल्या कुणालाही हे नव्याने सांगायला नको. जागचं न हललेलं बुजगावणं पाखरांच्या बसायच्या कामी येतं, म्हणून तर माळ्यावर उभं राहून गोफण फिरवावी लागते. चकाकत्या पट्ट्या, फिरत्या चकत्या, टांगलेल्या जुन्या सीडी यांचंही तेच. चार-आठ दिवसांनी जागा बदलत राहिलात तर त्या थोडंफार काम करतात, आणि हमिंगबर्डला त्यांचा अपाय नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

कानाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रं मात्र निव्वळ पैसे घालवणं. जाहिरात म्हणते, माणसाला त्रास नाही, पक्षी पळतात. माणसाला साधारण वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं. पक्ष्यांचे कान बहुधा आठ-दहाच्या वर जेमतेम काम करतात. म्हणजे जो आवाज आपल्याला ऐकू येत नाही तो त्यांना तर मुळीच येत नाही. अपवाद शोधायला गेलं तर तो हमिंगबर्डांतच सापडतो. इक्वेडोरच्या अँडीज पर्वतात राहणारी एक जात तेरा किलोहर्ट्झच्या वरच्या पट्टीत गाते आणि ते ऐकतेही, असं २०२० मध्ये दाखवून दिलं गेलं. पण तेही वीसच्या खालीच.

तेव्हा भीती आणि गोंद बाजूला ठेवू. माझ्या मते खरा उपाय म्हणजे चाळण. आलेल्या दर पक्ष्याचं वजन, पाय, चोच, जीभ, पोट वेगळं असतं. त्या फरकाच्या मापाची भोकं पाडायची, की हवा तो आत येतो आणि नको तो आपसूक बाहेर राहतो. कुणाला दुखवावं लागत नाही.

साखरपाण्याच्या फीडरपासून सुरुवात करू, कारण तिथे हे फार सुरेख दिसतं. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगून पिऊ शकतो, फिंच किंवा सुतार तसं करू शकत नाहीत, त्यांना पाय टेकायला काहीतरी लागतं. म्हणून बाजारच्या फीडरला बसायला असलेली कडी काढून टाकायची. हमिंगबर्डला टेकायला मिळालं तर तो टेकतो, दमही वाचतो, पण जवळ एखादी बारीक फांदी असली की त्याचं भागतं. कडी काढल्यावर मोठे पक्षी चडफडत दोन-चार झोके घेतात आणि नाद सोडतात.

दुसरं भोक जिभेच्या मापाचं. हमिंगबर्डची जीभ टोकाला दुभागलेली असते आणि दोन्ही फाट्यांच्या कडेला नाजूक झालर असते. जीभ रसात शिरली की झालर उलगडते, बाहेर ओढताना मिटते आणि मिटताना रस धरून ठेवते. हे सेकंदाला दहाहून अधिक वेळा चालतं. बारीक नळीत पाणी आपोआप चढतं तसा रस जिभेत चढतो, असं जवळपास पावणेदोनशे वर्षं मानलं जात होतं. अलेहान्द्रो रिको-ग्वेव्हारा आणि मार्गारेट रुबेगा यांनी २०११ मध्ये वेगवान कॅमेऱ्याने ही मिटणारी झालर दाखवली आणि तो समज निकालात निघाला. आता बशीच्या आकाराचा फीडर बघा. खाली उथळ बशी, तिच्यावर घट्ट झाकण, झाकणाला बारीक भोकं, आणि साखरपाण्याची पातळी भोकांच्या बरीच खाली. लांब जीभ तिथे सहज पोचते. गांधीलमाशीची सोंड पोचत नाही, मधमाशीची नाही, फिंचच्या जाड चोचीतली आखूड जीभ तर नाहीच. बाटली उलटी टांगलेले फीडर उन्हाने तापले की आतली हवा फुगते, थेंब गळतात आणि त्या थेंबांवरच मुंग्या, माश्या आणि सगळी वरात येते. बशीतून गळत नाही. फीडरवर पिवळी प्लास्टिकची फुलं असतील तर तीही काढावीत, पिवळ्या रंगाकडे माश्या ओढल्या जातात.

तिसरं भोक पोटाचं, आणि मला हे सर्वांत आवडतं. आपली नेहमीची पांढरी साखर म्हणजे सुक्रोज. ती पचवायला आतड्यात एक विकर लागतं, आणि स्टार्लिंगमध्ये ते नसतं. कार्लोस मार्टिनेझ देल रिओ आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८९ मध्ये हे प्रसिद्ध केलं. साखरपाणी प्यायला तर स्टार्लिंगचं पोट बिघडतं, म्हणून तो ते टाळायला शिकतो. हमिंगबर्डची गोष्ट उलटी. गोड चव ओळखणारा एक जनुक पक्ष्यांच्या पूर्वजांनीच गमावलेला होता. हमिंगबर्डच्या घराण्याने मांसल, आमिष चव ओळखणारी यंत्रणा बदलून तिच्याकडूनच गोडाची ओळख करून घेतली, असं मॉड बाल्डविन यांच्या चमूने २०१४ मध्ये दाखवलं. म्हणून प्रमाण साधं ठेवायचं: एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. हमिंगबर्डच्या बहुतेक फुलांचा मधुरस याच्याच आसपास असतो. गूळ नको, ब्राउन शुगर नको, मध तर नकोच, त्यात बुरशी धरते. लाल रंग घालायचीही गरज नाही, फीडर लाल असला की पुरे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं आणि फीडर गरम पाण्याने घासायचा. एवढी तसदी घ्यायची नसेल तर फीडर टांगूच नये, आंबलेल्या पाण्यापेक्षा एखादं लाल फुलांचं झुडूप बरं.

चवीवरून आणखी एक फसवणूक सांगतो. तिखट फवारून पक्षी हाकलायचा सल्ला सर्रास दिला जातो. मिरचीचा तिखटपणा ज्या संवेदकाने कळतो तो पक्ष्यांमध्ये कॅप्सेसिनला दादच देत नाही. जॉर्ट आणि ज्युलियस यांनी २००२ मध्ये हे कोंबडीच्या संवेदकावर दाखवलं. यांतले डेव्हिड ज्युलियस म्हणजे २०२१ चे नोबेलविजेते. पोपट हिरवी मिरची मजेत खातो ते उगाच नाही. तिखट लावलेले दाणे खारीला पळवतात, पक्ष्याला नाही. उलट मिथिल अँथ्रानिलेट नावाचं एक द्रव्य काँकर्ड द्राक्षांत आपसूक असतं, द्राक्षाच्या गोळ्यांना आणि सरबतांना तोच वास घालतात. आपल्याला तो गोड वाटतो आणि पक्ष्यांना तो झोंबतो. शेतांवर, गोल्फच्या मैदानांवर त्याची फवारणी होते. पण त्याला चाळण नाही. हमिंगबर्डही पक्षीच, तेव्हा त्याच्या फुलांवर ते मारू नये.

दाण्यांच्या फीडरवरचा गोंधळ थांबला की साखरपाण्याच्या फीडरवरचा निम्मा ताप आपोआप उतरतो, कारण दांडगे मुळात दाण्यांसाठी आलेले असतात. राळा, मक्याचा भरडा, पावाचे तुकडे ही चिमण्यांची मेजवानी. ती बंद करून करडई ठेवली तर कार्डिनल येतात, चिमण्या आणि ग्रॅकल बरेचसे नाखूश असतात. चरबीची वडी उलटी, खालच्या बाजूने खाता येईल अशी टांगली की सुतार लोंबकळून खातो, स्टार्लिंगला ती कसरत फार वेळ जमत नाही. वजनाने झडप बंद होणारे फीडरही असतात: ग्रॅकल शंभर ग्रॅमच्या आसपास, तो बसला की भोकं झाकली जातात. घरट्याच्या पेटीचं भोक दीड इंच ठेवलं तर निळा ब्ल्यूबर्ड आत जातो आणि स्टार्लिंग बाहेर राहतो. चिमणी मात्र त्यातून जाते, आणि आत ब्ल्यूबर्ड सापडला तर चोचीने त्याला ठार मारते. तिच्यावरचा तिथला राग तुम्हाला आता थोडा समजेल.

चिमणीवरचा एक उपाय इतका साधा आहे की खरा वाटू नये. फीडरच्या भोवती वरून काही उभ्या नायलॉन दोऱ्या सोडायच्या, हात-हातभर अंतरावर. नेब्रास्का विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९१ मध्ये लिहिलं की एवढ्याने चिमण्या दाण्यांपासून बऱ्याच दूर राहतात, तिथल्या बऱ्याच देशी पक्ष्यांना मात्र त्याचं काही वाटत नाही. चिमणीच का बिचकते याचं समाधानकारक उत्तर नाही. मी एवढीच भर घालीन की दोरी जाड, दिसेल अशी घ्यावी आणि टोकाला वजन बांधून ताठ ठेवावी. मासेमारीचा बारीक सैल धागा हमिंगबर्डच्या परिसरात नकोच.

पण सगळ्या युक्त्यांच्या मुळाशी अन्न आहे, आणि याचा सर्वांत चांगला दाखला स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराचा. तिथे १९६१ ते १९८५ या काळात लाखाच्या घरात पारवे मारले, संख्या हलली नाही. मेलेल्यांची जागा नवे घेत. मग १९८८ पासून लोकांना समजावून दाणे टाकणं कमी करवलं आणि चारेक वर्षांत वीस हजारांचे दहा हजार झाले. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये मुंबईत जे रण पेटलं त्यात श्रद्धा, आरोग्य, न्यायालय असं सगळं आलं. बाझलचे आकडे दोन्ही बाजूंनी शांतपणे वाचायला हरकत नव्हती.

पाहुण्याच्या वाटेतले बाकीचे धोके पक्ष्यांचे नाहीत. फीडर काचेच्या खिडकीपासून एक मीटरच्या आत लावा किंवा दहा मीटरच्या पलीकडे. मधल्या अंतरावरून निघालेला पक्षी पूर्ण वेगात काचेवर आदळतो. मांजर घरात ठेवा. कोळ्यांवर औषध मारू नका, घरट्याचा धागा आणि पिल्लांचं खाणं दोन्ही त्याच्याबरोबर जातं. आणि फीडरवर हिरवा प्रार्थनाकीटक बसलेला दिसला तर त्याला उचलून दुसऱ्या झुडपावर सोडा. तो पक्षी पकडून खातो, होय, आणि त्याची शिकार बहुतेक वेळा हमिंगबर्डच असते. २०१७ च्या एका अभ्यासात जगभरातल्या अशा १४७ नोंदी गोळा केलेल्या आहेत. ॲरिझोनात सकाळी फीडर रिकामा सापडला तर कुणावर आळ घेण्यापूर्वी रात्री एकदा बाहेर डोकवावं. लांब नाकाची वटवाघळं येऊन साखरपाणी पिऊन जातात. धोक्यात असलेल्या प्रजातींच्या यादीतून ती २०१८ मध्ये बाहेर आली, आणि त्यांच्या येण्याजाण्याची बरीचशी माहिती टूसॉनच्या लोकांनी आपल्याच फीडरवर पाळत ठेवून जमवली होती. तिथे उपाय करायचा नसतो, साखर थोडी जास्त आणायची असते.

एवढं सगळं जमलं, चिमण्या पांगल्या, ग्रॅकल गेले, माश्या हटल्या, की शेवटचा उपद्रवी पक्षी पुढे येतो, आणि तो हमिंगबर्डच असतो. एखादा नर फीडरजवळच्या फांदीवर ठाण मांडतो आणि दुसरा कुणी हमिंगबर्ड दिसला की चिवचिवत अंगावर जातो. पश्चिमेकडचा तांबूस रुफस तर याबाबतीत कुप्रसिद्ध, आकाराने आपल्याहून मोठ्यांनाही तो पिटाळतो. बशीभर साखरपाणी एकट्याला संपत नाही, पण दुसऱ्याला मिळू द्यायचं नाही, असा खाक्या. त्याला हाकलत बसू नका. दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या अंगाला, पहिल्यावरून दिसणार नाही असा लावा. दोन्हीकडे पहारा द्यायला त्याला जमत नाही.